पाच शब्दांची परीक्षा

नाव सांगितलं की पोरं हसतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, मी एक मेंदू आहे. खरा नव्हे, प्लॅस्टरचा. वयाने जुना, रंगाने एके काळी गुलाबी आणि आता चहा सांडलेल्या रुमालासारखा. माझे तुकडे सुटे करता येतात आणि पितळी खुंट्यांवर ते पुन्हा एकमेकांत बसतात. बोलणं, स्मरण, राग, हिशेब, सगळ्यांच्या जागा माझ्यावर आकडे घालून दाखवल्या आहेत. फक्त त्या जागांवर राहायला कधी कोणी आलं नाही. याला काही कळत नाही, असं माझ्याबद्दल सगळे धरून चालतात. पण एका हुशार बाईच्या हातात इतकी वर्षं काढल्यावर मलाही थोडंफार कळायला लागलं, आणि जे कळलं त्याने माझी झोप उडाली.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे एका गल्लीत शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांचं सामान बनतं. साच्यातून निघालो तेव्हा मी पांढराफटक होतो. माझ्यावर लाल-निळ्या वाहिन्या रंगवणारी बाई शेजारणीला आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत होती, आणि ऐन रंगात येऊन तिने हात उडवला, त्यामुळे माझी एक निळी शीर जरा वाकडी गेली आहे. माझ्या बाजूला एक हृदय वाळत होतं. ते फार मिरवायचं. लोक आपल्यावर गाणी लिहितात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मी गप्प बसायचो. माझ्यावर कोण गाणं लिहिणार?

तिथून मी चंडीगडला, सेक्टर बत्तीसच्या सरकारी रुग्णालयात आलो आणि डॉ. लीलावती हर्डीकरांच्या टेबलावर बसलो. बाई मूळच्या मिरजेच्या. नवरा, श्रीराम, हवाई दलात. त्याची बदली इकडे झाली म्हणून त्या आल्या, आणि त्याच्या पुढच्या बदल्या होत राहिल्या तरी त्या इथेच टिकून राहिल्या. मेंदूचे आजार हा त्यांचा विषय. शिकवायला उभ्या राहिल्या की मला डाव्या हातावर घेत, एखादं मूल कडेवर घ्यावं तसं, आणि उजव्या हाताने माझे भाग उलगडत जात. मागच्या बाकावर पेंगणारी पोरंसुद्धा मान वर करायची.

दरवर्षी एक तास असा यायचा की मला आतून गार वाटायचं. त्या तासाला बाई एका रुग्णाची गोष्ट सांगत. त्याचा डावा हात लुळा पडला होता, पण तो म्हणायचा, माझा हात ठणठणीत आहे, आज उचलायची इच्छा नाही इतकंच. पोरं हसायची. बाई हसू ओसरेपर्यंत थांबत. मग हिंदीत म्हणत, "वो झूठ नहीं बोल रहा. ज्या भागाला हे कळायला हवं, तोच भाग गेलाय," आणि रंगात आल्या की त्यांची हिंदी अशी अर्ध्यावर मराठी व्हायची. "आणि बुद्धी? ती शाबूत आहे. तीच तर त्याला एकाहून एक सरस कारणं पुरवते आहे."

बाईंची आणखी एक गोष्ट ऐकून ठेवा. स्मरणशक्ती तपासायला त्या रुग्णाला पाच शब्द सांगत. पतंग, साबुन, चाँदी, मंदिर, नींबू. मग त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलत, शेतीचं, नातवंडांचं, आणि पाच मिनिटांनी ते शब्द परत विचारत. काही जण पाचही सांगत, काहींना दोन आठवत, आणि एखादा म्हातारा विचारायचा, "कौन से शब्द, डॉक्टर साहब?" तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या मुलाचा किंवा सुनेचा चेहरा उतरायचा. हे मी इतक्या वेळा पाहिलं की ते पाच शब्द मलासुद्धा तोंडपाठ झाले, आणि मला तर तोंडच नाही.

पुढे कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंगीत, गोल फिरणारे मेंदू आले. माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे कबुतरांनी माझ्यावर जे केलं ते मी लहान मुलांना सांगणार नाही. भंगाराच्या यादीत माझं नाव लागलं, तेव्हा बाईंच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला होता. त्यांनी रीतसर परवानगी काढली, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि झिरकपूरच्या आपल्या फ्लॅटवर नेलं. बैठकीच्या खोलीत दाराजवळच्या टेबलावर मला जागा मिळाली.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी क्षितिजा राहते. ती आणि तिचा नवरा दोघंही मोहालीत आयटी कंपनीत जातात, सकाळी जे निघतात ते दिवे लागल्यावर येतात. त्यांची मुलगी ओजस्विनी दहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते हिंदीत. माझं नाव तिने ब्रेनू ठेवलं. शाळेतून आली की आपली टोपी माझ्या डोक्यावर, म्हणजे सगळ्या माझ्यावरच, अडकवते. डॉक्टरांना शिकवणाऱ्या मेंदूची शेवटी टोपी टांगायची खुंटी झाली! पण खरं सांगतो, कपाटावरच्या एकटेपणापेक्षा ही टोपी लाख पटीने बरी होती.

ओजस्विनीला शाळेत सोडणं आणि आणणं हे आजीचं काम. स्कूलबस विमानतळ रस्त्याच्या गर्दीत तासभर अडकते, पोरगी दमते, म्हणून आजीने स्वतः मागून घेतलेलं. "रुग्णालय सुटलं, पण गाडी सुटलेली नाही अजून," असं त्या ऐटीत सांगायच्या. त्या एका कामावर त्यांचा सगळा दिवस उभा होता.

आणि मग, मित्रांनो, एक सकाळ आली. आजीने मिरजेच्या बहिणीला फोन करून क्षितिजाला बढती मिळाल्याचं सांगितलं. तास झाला नसेल, पुन्हा तिलाच फोन लावला आणि तीच बातमी तितक्याच आनंदाने सांगितली. पलीकडून बहीण काहीतरी बोलली. आजींचा हात फोनवर तसाच राहिला.

त्या घाबरल्या, पण घाबरणं त्यांना मान्य नव्हतं. "श्रीराम, आपण तपासून घेऊ," त्या म्हणाल्या. "उगाच मनात आणण्यात अर्थ नाही. शास्त्र कशासाठी आहे?"

"ओके मॅडम," हवाई दलातून निवृत्त होऊन घरी आलेले आजोबा म्हणाले. त्यांनाही तेच हवं होतं.

दर रविवारी पोहे झाले की परीक्षा सुरू झाली. आजींनीच आजोबांना शब्द शिकवले. आजोबा कवायतीच्या आवाजात ते म्हणायचे: पतंग, साबुन, चाँदी, मंदिर, नींबू. मग दोघं पाच मिनिटं भाजीबद्दल, नाहीतर सोसायटीच्या लिफ्टबद्दल बोलायची. मग आजी क्षणाचाही विलंब न लावता पाचही शब्द ओळीने म्हणून दाखवायच्या.

"फुल मार्क्स! एकदम फिट!" आजोबा टाळ्या वाजवायचे, आणि आजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा.

मी टेबलावर बसून आतल्या आत ओरडत होतो. अहो, काय करताय हे! ते शब्द त्या आत्ता ऐकून आठवत नाहीयेत, ते आयुष्यभर घोकले गेलेत! उभ्या जन्मात ज्या बाईने कोणाला फसवलं नाही, ती आपल्याच हाताने स्वतःला फसवते आहे, आणि तेही इतक्या प्रामाणिकपणे! दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ही चूक त्यांनी तत्काळ पकडली असती. एखाद्या विद्यार्थ्याने अशी तपासणी केली असती तर त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ती त्यांना दिसेना, आणि आजोबांना दिसली असली तरी ते बोलेनात.

दुसरीकडे ओजस्विनी मला रोज दुपारी काहीतरी सांगू लागली. टोपी अडकवायची आणि माझ्या कानाच्या जागी तोंड लावून कुजबुजायची.

"ब्रेनू, आज आजी उसी चौक के गोल-गोल घूमती रही. मैंने बोला आजी लेफ्ट, तो बोली, मला माहीत आहे."

आणखी एकदा म्हणाली, "आज हम खरड चले गए थे. पता है खरड कहाँ है? घर से एकदम उल्टा! आजी बोली, इकडे जाम होता म्हणून बाहेरून आणलं. जाम था ही नहीं, ब्रेनू."

एकदा ती पाय ओढत आली. टोपीही अडकवली नाही. नुसती माझ्याजवळ उभी राहिली, आणि मग म्हणाली, "रेड लाइट थी. ट्रकवाले ने इतनी ज़ोर से ब्रेक मारी." तिचे ओठ पांढरे पडले होते. "मम्मा को बोलूँगी तो आजी रोएगी. उसकी गाड़ी बंद हो जाएगी."

मित्रांनो, मला पाय असते तर मी त्या दिवशी वरच्या मजल्यावर गेलो असतो. मला आवाज असता तर आजोबांना हलवून जागं केलं असतं. एवढ्याशा मुलीने इतकं मोठं ओझं छातीवर घेऊन फिरायचं आणि ते सांगायचं कोणाला, तर प्लॅस्टरला! रोज सकाळी दार लागलं की दुपारी ते उघडेपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. लिफ्टचा आवाज आला की वाटायचं, आल्या, दोघी आल्या.

अशातच एका रविवारी आजोबा अंबाल्याला त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेले. परीक्षा चुकवायची नाही, असा आजींचा शिरस्ता. त्यांनी ओजस्विनीला बोलावलं.

"ओजू, आज तू डॉक्टर. मी सांगते ते शब्द म्हण."

"नहीं, डॉक्टर मैं हूँ ना? तो वर्ड्स भी मेरे," ती म्हणाली. "सुनो. छतरी, राजमा, शेर, स्कूटर, मोज़े."

"मोजे!" आजी हसल्या. "बरं बाई, मोजे."

मग दोघींनी मला सोडवलं आणि पुन्हा जोडलं. आजी एकेका तुकड्याचं काम सांगत होत्या, एकही चूक न करता. ओजस्विनीने घड्याळ पाहिलं. "अब बताओ, पेशंट."

आजींनी मान ताठ केली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "पतंग, साबुन, चाँदी, मंदिर, नींबू."

ओजस्विनीने पुन्हा बोटांवर मोजून पाहिलं.

"आजी, ये तो मैंने बोले ही नहीं," ओजस्विनी म्हणाली.

"असं कसं? हेच तर शब्द आहेत."

"मैंने छतरी बोला था. राजमा बोला था."

मग आजींची बुद्धी कामाला लागली, आणि काय कामाला लागली! म्हणाल्या, असे हवे ते शब्द घेऊन तपासणी होत नसते, ते पारखून घेतलेले असावे लागतात. म्हणाल्या, तू मध्येच मला बोलण्यात गुंतवलंस. म्हणाल्या, मराठी माणसाला राजमा कशाला लक्षात राहील? प्रत्येक मुद्दा खरा होता. त्यांचा आवाज चढत गेला, ओजस्विनी मागे मागे सरकत गेली आणि शेवटी आतल्या खोलीत पळाली.

आजी माझ्यासमोर बसल्या. त्यांनी माझा एक भाग काढला, तो हातात धरून पाहत राहिल्या. मग माझ्याशी बोलल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"आतून मला काहीच कमी वाटत नाहीये रे," त्या म्हणाल्या. "सगळं जागच्या जागी वाटतंय." आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "त्या हातवाल्यालाही तसंच वाटत होतं."

मला त्यांनी जोडायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं. उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या.

"ओजू, बाहेर ये. मी रागावणार नाही. गाडीत काही होतं का गं? खरं सांग."

ओजस्विनीने सगळं सांगितलं. चौक, खरड, ट्रक. आजी ऐकत होत्या, आणि मी पाहत होतो की त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. डोळे भरून आले तरी त्यांनी एकदाही मध्ये अडवलं नाही. शेवटी तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "ऐक. उद्यापासून मी गाडी चालवणार नाही. आणि तुला एक अवघड काम देते. मी चुकले की मला सांगायचं. मी चिडेन. मी अशी छान छान कारणं देईन की तुला वाटेल आजीचंच बरोबर आहे. तरी सांगायचं. सांगशील?"

"प्रॉमिस," ओजस्विनी म्हणाली. "आजोबा को भी बता दूँ?"

"त्यांना मी सांगते. संध्याकाळी येतील तेव्हा. हे माझं मला सांगू दे."

संध्याकाळी आजोबा लग्नाचे लाडू घेऊन आले. आजींनी लाडू खाल्ला, नवरीची चौकशी केली, परीक्षेचं विचारल्यावर म्हणाल्या, "झाली की. पाचही आले." त्या खोटं बोलत नव्हत्या. ओजस्विनी तेव्हा वर आपल्या घरी गेली होती. मी एकटाच ऐकत होतो, अर्धवट जोडलेला, आणि मला माझ्या प्लॅस्टरची पहिल्यांदा चीड आली.

सोमवारी सकाळी आजोबा खाली फेरी मारायला गेले होते. ओजस्विनी दप्तर घेऊन आली. आजींनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

"चल बाळा, उशीर होतोय."

ओजस्विनी दारातच उभी राहिली. "आजी, तू बोली थी ना गाड़ी नहीं चलाएगी."

"मी? मी कधी म्हटलं असं?"

"कल. यहीं पे."

"काहीतरीच काय! स्वप्न पडलं असेल तुला." आजी हसल्या, मग हसू मावळलं. "हे बघ, इतकी वर्षं गाडी चालवतेय, कधी ओरखडा नाही पडला. काल माझी तपासणी झाली, ती व्यवस्थित आली. तू दहा वर्षांची, तुझ्या ऐकण्यात घोटाळा होऊ शकतो की नाही? आणि मी असं काही ठरवलं असतं तर मला आठवलं नसतं का?"

सांगा मित्रांनो, या बोलण्यात चूक कुठे दाखवाल? मोठमोठ्या डॉक्टरांना दाखवता आली नसती. ओजस्विनीलाही आली नाही. तिचे डोळे वाहायला लागले.

"बाजूला हो, ओजू. मला राग येतोय आता."

"तूने ही बोला था तू गुस्सा होगी," ती हुंदके देत म्हणाली. "तूने बोला था फिर भी बोलना."

आणि ती बाजूला झाली नाही. दप्तर पाठीवर, पाठ दाराला, दोन्ही हात आडवे.

आजी तिच्याकडे पाहत राहिल्या. त्या काहीतरी शोधत होत्या. कालचा दिवस शोधत असाव्यात, आणि तो सापडत नव्हता. मी त्या चेहऱ्यावर इतकी भीती कधी पाहिली नव्हती. मग त्या हळूहळू खाली वाकल्या, गुडघ्यावर हात टेकून, तिच्या तोंडासमोर तोंड आणून.

"तुला माझ्या गाडीत बसायची भीती वाटते?"

ओजस्विनीने मान हलवली. हो.

आजींनी किल्ली तिच्या मुठीत ठेवली आणि तिची बोटं आपल्या हाताने मिटवली.

"मला आठवत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "पण तू म्हणतेस, तर मी म्हटलं असेन."

त्या दिवशी आजोबांनी तिला शाळेत सोडलं. संध्याकाळी क्षितिजाला सगळं कळलं, आणि आजोबा टेबलाशी बसून रडले, कारण त्यांना थोडं थोडं आधीच कळलं होतं. आता औषधं चालू आहेत. आजी अजून घरात आहेत, अजून मला पुसतात, आणि कधी कधी पुसून झाल्यावर पुन्हा पुसतात. पुढे काय होईल याची मला काळजी वाटते. ती जात नाही.

मित्रांनो, तुमच्या डोक्यात माझा एक भाऊबंद बसला आहे. तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे, आणि तो तुम्हाला नेहमी सांगणार की तुमचंच बरोबर आहे. त्याला वापरा, त्याचं कौतुक करा, पण त्याला एकट्याला सोडू नका. आणि उद्या तुमच्या घरातलं कोणी मोठं माणूस वाट चुकायला लागलं, तर त्याला हसू नका आणि ते लपवूही नका, माझ्यासारख्या निर्जीव वस्तूच्या कानात तर मुळीच सांगत बसू नका. त्याला सांगा. ते रागावेल, आणि वाद घातलात तर जिंकेलही. रडू आलं तर रडा. पण दारातून हलू नका.